नदीवरून पाणी उचलायचंय? मोटर नंतर बघा, आधी पाइप

कृष्णाकाठी कुणालाही विचारा, पाणी वर न्यायचंय तर काय करू, पहिला प्रश्न येतो "किती एचपीची घेणार?" आणि इथंच गणित चुकतंय. आमच्या चुलत्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून थेट १५ एचपी उचलली आणि पाइप मात्र स्वस्तातला ९० एमएमचा टाकला, आता बिल बघितलं की घरात कुणी बोलत नाही.

तर आधी दोन मापं घ्या. उन्हाळ्यातल्या नदीच्या पातळीपासून शेततळ्याच्या तोंडापर्यंतची उंची, आणि पाइपलाइनची लांबी. उंची मोबाइलवर बघू नका, पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो, लेव्हलवाला बोलवा.

आता समजा उंची २५ मीटर, लाइन १ किलोमीटर, आणि पाणी पाहिजे सेकंदाला १० लिटर. ९० एमएमच्या पाइपात नुसत्या घर्षणात ३६ मीटरच्या आसपास हेड (म्हणजे तेवढी उंची चढवायची ताकद) जातंय, ११० मध्ये १३-१४ मीटर, १४० मध्ये जेमतेम ४. हिशोब सोपा आहे, सेकंदाचे लिटर गुणिले एकूण हेड (उंची अधिक घर्षण), भागिले ७५, आणि पंपाची एफिशियन्सी ६० टक्के धरून परत ०.६ ने भागा. म्हणजे ९० ला १४ एचपीच्या आसपास लागतात, ११० ला ९, आणि १४० ला साडेसहाच्या आसपास, म्हणजे साडेसातची मोटर बसते. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, त्याच्या वर गेलात की बिल सुरू, त्यामुळं जाड पाइपाचे जादा पैसे कसे फिटतात ते तुम्हीच बघा. एकदा पाइप पुरला की परत कोण उकरणार?

मग पंप. काठावरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला) स्वस्त, गावातलाच मिस्त्री दुरुस्त करतो, पण पाणी ओढायची मर्यादा प्रत्यक्षात ६-७ मीटरच, त्यामुळं उन्हाळ्यात नदी खाली गेली की मोटर पण खाली सरकवायची आणि पावसाळ्यात वर ओढायची. फूटव्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपाच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) गळका असला तर रोज सकाळी पाणी भरत बसा. सबमर्सिबलला ही कटकट नाही, पाण्यातच असते, मी तरी एकट्या शेतकऱ्याला हीच सांगेन, फक्त तळाला टेकवू नका, गाळ ओढला की इंपेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा) जातो, आणि बिघडली तर बाहेर काढायला चार माणसं लागतात. जॅकवेल (नदीकाठची पक्की विहीर) बांधून त्यावर व्हर्टिकल टर्बाइन (उभा मोठा पंप) हे पाणीपुरवठा संस्थेचं काम, पन्नास-शंभर एकर एकत्र आलं तरच विचार करा. डिझेल इंजिन म्हणजे अडीअडचणीला भाड्यानं आणायची वस्तू.

सोलरचं म्हणाल तर सरकारी योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के (एससी-एसटीला ५), जमीन अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५, पुढं साडेसात. दिवसा पाणी मिळतंय, रात्री टॉर्च घेऊन नदीवर जायला नको, हे लई मोठं सुख आहे. पण ढग आले की धार बारीक होते, म्हणून सोलरचं पाणी सरळ पाटात सोडण्यापेक्षा तळ्यात साठवा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं असलं तर उताराच्या बाजू धरून साधारण २० लाख लिटर बसतं, आपल्या १० लिटरच्या धारेनं ते भरायला ५५ तास, म्हणजे रोज आठ तास धरले तर आठवडाभर. तळ्याला अस्तराचा प्लास्टिक कागद नसेल तर मात्र निम्मं पाणी जमीनच पिऊन टाकते.

आणि मोटरच्या पॅनेल-स्टार्टरच्या पेट्या पूररेषेच्या वरच बसवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा "आमच्याकडं कधी येत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या पेट्या पण बुडाल्या. तसंच पाइप आणायच्या आधी पाटबंधारेची उपसा परवानगी काढा, तिच्याशिवाय लाइन टाकली तर उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की पहिला स्टार्टर तुमचाच सील होतो.