सरावात एक जिना मुद्दाम बंद ठेवा

कामाच्या ठिकाणचा आगीचा सराव ठरल्या वेळी, ठरल्या जिन्याने, हसतखेळत पार पडतो. खऱ्या प्रसंगी नेमका तोच जिना धुराने भरलेला असू शकतो. म्हणून पुढच्या वेळी आधी न सांगता एका जिन्यापाशी ‘इथे धूर आहे’ अशी पाटी घेऊन माणूस उभा करा. शिवाय बचाव पथकाच्या प्रमुखाला त्या दिवशी ‘गैरहजर’ ठरवा. त्याची जागा कोण घेतो, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात, ते तिथेच कळेल. प्रत्येक जबाबदारीला बदली माणूस हवाच, रात्रपाळीतसुद्धा.

आग विझवायचा सिलिंडर प्रत्येकाला एकदा तरी चालवू द्या. पिन काढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा, आडवं फिरवायचं. छोटा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आतच संपतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचंही, तसंच. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. पुतळ्यावर केल्याशिवाय तो जोर समजत नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, तेव्हा शिकलेले निदान दोघे प्रत्येक पाळीत असू द्या.

बाहेर जमल्यावर हजेरी घ्या. पाहुणे आणि कंत्राटी कामगार यादीत नसतात. घोळ बहुतेकदा इथेच होतो.