हॉटस्पॉट वापरताय? या चुका टाळा

लॅपटॉपवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं, तरी पान उघडत नाही. मग आपण फोनचा हॉटस्पॉट बंद-चालू करतो, पासवर्ड पुन्हा टाकतो, लॅपटॉप रीस्टार्ट करतो. एवढं करूनही गाडी अडलेलीच असते, कारण अडचण बहुतेक वेळा भलतीकडेच असते. हॉटस्पॉटमध्ये दोन जोडण्या असतात: टॉवर ते फोन आणि फोन ते लॅपटॉप. लॅपटॉपवरचं चिन्ह फक्त दुसरीबद्दल सांगतं. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी त्याच फोनवर एखादी वेबसाइट उघडून बघा. तिथेही ती रखडली, तर लॅपटॉपचा काही दोष नाही.

अशा वेळी पहिली चूक जागेची असते. टेबलावर, लॅपटॉपला चिकटून फोन ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. खरं तर फोन ठेवायचा तो टॉवरची रेंज मिळेल तिथे. हॉटस्पॉटचं वाय-फाय एका खोलीत सहज पोचतं, पण चिऱ्याच्या जाड भिंतींतून, स्लॅबमधून किंवा पत्र्याखाली टॉवरचा सिग्नल अर्धमेला होतो. कोकणातल्या घरांत तर माजघरातून पडवीत फोन नेला तरी फरक जाणवतो. खिडकीत ठेवा, पण थेट उन्हात नको. हॉटस्पॉट चालू असताना फोन आधीच तापलेला असतो आणि फार तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो किंवा हॉटस्पॉटच बंद करतो. उशीखाली, जाड कव्हरमध्ये आणि वर चार्जिंगला लावून तासन्‌तास चालवणं बॅटरीसाठीही वाईट.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र रोजच्या डेटामुळे होतो. दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा प्लॅन फोनवर पुरतो, लॅपटॉपवर नाही. लॅपटॉपला हे बऱ्याचदा साधं घरचं वाय-फाय वाटतं, त्यामुळे तो मागच्या मागे अपडेट उतरवतो, फोटो आणि फाइल्स क्लाउडवर चढवत राहतो. विंडोजचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी हॉटस्पॉट जोडला की डेटा कुठे गेला ते कळत नाही. कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. ५०० केबीचं एक प्रमाणपत्र चढवायला मिनिटभर लागतं, तेही सगळं सुरळीत असेल तर. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म तेवढ्यात लॉगआउट होतो आणि शेवटच्या तारखेला पोरांचा जीव टांगणीला लागतो. हे टाळणं अगदी सोपं आहे. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे असं सांगणारी सेटिंग) चालू करा, मॅकवर ‘लो डेटा मोड’. यूट्यूबची क्वालिटी हाताने कमी ठेवा. ‘अमर्यादित ५जी’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फोन ४जीवर उतरला की डेटा बहुधा रोजच्या कोट्यातूनच कापला जातो.

बैठक ऐन रंगात असताना नेट गेलं, तर फोन वाजला होता का ते आठवा. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की डेटाचं सिम गप्प होतं. एकच सिम असेल आणि व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) बंद असेल, तरी कॉल घेताना ४जी सुटतं. महत्त्वाच्या कामाआधी दुसरं सिम तात्पुरतं बंद करा.

आता दुसऱ्या जोडणीकडे येऊ. लॅपटॉपच्या यादीत हॉटस्पॉटचं नाव दिसतच नसेल, तर तो ५ गिगाहर्ट्झवर असण्याची शक्यता दाट. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतं. काही जुन्या लॅपटॉपना आणि स्वस्त उपकरणांना ५चा पट्टा कळतच नाही. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करा. पण २.४ नेहमीच बरा असंही नाही. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे वेगळ्या वाटा, तीनच. पुण्यातल्या अभ्यासिकेत वीस जणांचे वीस हॉटस्पॉट चालू असतील, तर तिथे ५ गिगाहर्ट्झच हवा. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, असं असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सुरक्षा प्रकार नव्या डब्ल्यूपीए३ ऐवजी जुना डब्ल्यूपीए२ करून बघा. आणि अँड्रॉइडवर हॉटस्पॉटचं बटणच दाबलं जात नसेल, तर डेटा सेव्हर चालू राहिलाय का तेवढं तपासा.

एकच लॅपटॉप जोडायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चांगली केबल घ्या आणि यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट केबलनेच लॅपटॉपला द्या. वाय-फायची भानगडच उरत नाही, फोन सहसा कमी तापतो आणि चार्जही होत राहतो. केबल मात्र डेटाची हवी, काही केबलमधून फक्त चार्जिंग होतं.

पासवर्ड न ठेवता हॉटस्पॉट उघडा सोडणं ही चूक कधीच करू नका. कोणी त्यावरून काही उद्योग केला, तर बाहेरच्या जगाला ते तुमच्याच कनेक्शनवरून झालेलं दिसतं. प्रवासात कुणाला वापरायला दिलात तर जरूर द्या, पण काम झालं की पासवर्ड बदला. त्यानंतर तुमच्या लॅपटॉपवर जुनं नेटवर्क ‘फरगेट’ करून नव्याने जोडा, नाहीतर तो जुनाच पासवर्ड वापरून पाहत राहील.