सांगलीत राहून माणसं रंगवायची म्हणजे

दर वर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की कुणीतरी वडील मुलाला घेऊन माझ्या चित्रकलेच्या क्लासचा जिना चढून येतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, हात चांगलाय ह्याचा, पण पोट भरेल का?" तोवर मुलगा मोबाइलवर स्वतःचं काम दाखवत असतो. एखाद्या नटाचा पेन्सिलमधला चेहरा, दाढीचा केस न केस मोजून काढलेला. मी त्याच्यापुढं कागद सरकवतो आणि म्हणतो, आता वडिलांना काढ, दहा मिनिटांत. तिथं बहुतेकांना घाम फुटतो. वडील हलतात, खोकतात, घड्याळ बघतात. नटाचा फोटो असलं काही करत नाही.

हे त्या मुलांसाठी लिहितोय. गेली बावीस वर्षं मी सांगलीत माणसांची चित्रं काढतो. निसर्गचित्रं जवळजवळ नाहीत, अमूर्त तर नाहीच.

शिक्षणाचं आधी उरकतो. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्या. पुढं फाउंडेशनचा कोर्स करून जी. डी. आर्ट ही पदविका, नाहीतर प्रवेशाची सीईटी देऊन चार वर्षांची बी. एफ. ए. ही पदवी. शाळेत नोकरी हवी असेल तर ए. टी. डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात नंबर लागला तर उत्तमच, नाही लागला तर रडत बसू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, एवढंच विचारा की आठवड्यातून किती दिवस खरं मॉडेल बसतं. उत्तर देताना कुणी चाचरलं, तर काय ते समजून जा.

आता पोटाचं. माझी पहिली कमाई गेलेल्या माणसांच्या फोटोवरून झाली. वर्षश्राद्धाच्या आधी घरचे लोक फोटो आणून देतात आणि तैलचित्र हवं म्हणतात. एका आजींचा एकच फोटो होता, कसल्याशा कार्डावरचा, आणि उजव्या गालावर गोल शिक्का. शिक्क्याखाली तीळ होता का, यावर तीन लेकांची तीन मतं. शेवटी सुनेनं सांगितलं, "होता, आणि त्यावर केस होता." ते चित्र बरं झालं ते तिच्यामुळं. बाकी बऱ्याच ऑर्डरी "जरा हसरे करा, टोपी घाला, चष्मा काढा" अशाच असतात. गणपतीत मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीच्या कमानींची कामंही मी केली. फ्लेक्स आल्यापासून त्यातलं रंगाचं काम कमी झालं.

ही कामं कमीपणाची नाहीत. पण त्यांनी डोळा बिघडतो, हेही खरं. फोटोवरून सलग चार महिने काम केलं की समोरच्या जिवंत माणसाचं नाकही मला फोटोतल्यासारखं चपटं दिसायला लागतं. म्हणून मी एक नियम केला. महिन्यात ऑर्डरी कितीही असोत, चार बैठका जिवंत माणसाच्या. मॉडेलला पैसे द्यायचे, फुकट बसवायचं नाही.

मार्केट यार्डातले एक हमाल दादा माझ्याकडं असे बसायचे. हळदीचे सौदे जोरात असले की संध्याकाळी ते तसेच यायचे, हातपाय न धुता, मीच तसं सांगितलेलं. मानेमागं पोत्यानं पडलेला घट्टा, कानाच्या पाळीत हळद, नखांत हळद. मी हौसेनं कॅडमियम यलो हा झगझगीत पिवळा काढला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत फासला. त्यांनी उठून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो तर जेजुरीहून आल्यागत दिसतोय."

बरोबर होतं त्यांचं. सावळ्या कातडीवरची हळदीची धूळ सावलीत पिवळी दिसतच नाही, ती मातकट, हिरवट करडी दिसते. रॉ अंबरचा तपकिरी, जरासा यलो ऑकरचा मातकट पिवळा, पांढऱ्याचा एक थेंब, एवढ्यावर हात जमला. खरा पिवळा फक्त कानाच्या घडीत आणि नखांच्या कडेला ठेवला. त्याच दिवशी मोबाइलवर काढलेला त्यांचा फोटो नंतर बघितला, तर त्यात सगळा हात एकसारखा पिवळा. तिसऱ्या बैठकीला दादा बसल्या जागी झोपले, उजवा खांदा खाली घसरला, आणि मी आधीची पोझ पुसून तो घसरलेला खांदाच घेतला.

"दुसरा धंदा करून चित्रकार होता येतं का?" हेही विचारतात. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाऊक करून घ्या. जन्म १९४९, पुण्याचे, तिथल्याच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, आणि ते करता करताच ठाण्या-मुंबईची रस्त्यावरची, लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवली. १९८१च्या 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते. चित्रकार आणि कवी गीव्ह पटेलही डॉक्टरच. २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचं सिंहावलोकन प्रदर्शन भरलं. म्हणजे दवाखाना चालवून चित्रकार होता येतं, क्लास चालवून तर येतंच. फक्त हे डॉक्टर ज्या गावात राहिले तिथलीच माणसं बघत राहिले, तेवढं विसरू नका.

सामानात काटकसर करा, पण तंत्रात नको. एका संस्थेच्या सभागृहासाठी मी संस्थापकांचं मोठं पोर्ट्रेट केलं होतं. काळ्या कोटाला आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगामध्ये भरपूर तेल घालून जाड थर दिला आणि उद्घाटनाची घाई म्हणून त्यावर टर्पेंटाइननं पातळ केलेला रंग चढवला. आठ महिन्यांत कोटाला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. तेलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं आणि काळा रंग वाळायला त्यात फार आळशी. खाली पातळ, वर तेलकट, हा क्रम कॉलेजात शिकवलेला, मीच मोडला. चित्र दुसऱ्यांदा फुकट करून दिलं. आणि सांगलीकर असाल तर कॅनव्हास तळमजल्यावर ठेवू नका. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानं मला ते शिकवलं. कृष्णा उतरल्यावर अकरा चित्रांना मागून पांढरी बुरशी धरली होती.

चित्रं बघायला पुण्या-मुंबईच्या आधी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. इथून विट्यामार्गे सकाळी निघून रात्री परत येता येतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय तिथं यमाईच्या डोंगरावर आहे. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पसुद्धा आहे. छापील रविवर्मा बघून जे गुळगुळीत वाटतं, ते मुळासमोर उभं राहिल्यावर मोडतं. मी विद्यार्थ्यांना जरीच्या काठाजवळ उभं करतो. लांबून जर, जवळून रंगाचे चार जाड फटकारे.

प्रदर्शनाचं थोडक्यात. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी असल्यापासून पाठवा, बॉम्बे आर्ट सोसायटीला पाठवा. ती १८८८पासून आहे, तिच्या भिंतीवर आपलं एक चित्र लागलं तरी घरचे जरा गप्प होतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसाठी अर्ज करून विसरून जा, नंबर लागायला वर्षं जातात. मी कॅनव्हास गुंडाळून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं नेतो. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, आत घेतली की थर चुरगळतो. भाडं, फ्रेमा, राहणं धरून माझं पहिलं मुंबईचं प्रदर्शन तोट्यात गेलं. दुसऱ्यात दोन चित्रं विकली गेली आणि खर्च निघाला.

हमाल दादांचं चित्र दोन्ही वेळा परत आलं. आता ते क्लासमध्ये फळ्याशेजारी आहे. मध्येच कधीतरी दादा नातवाला सोडायला वर येतात, चप्पल दारात काढतात, चित्राकडं बघतात आणि विचारतात, "अजून हितंच हाय व्हय मी?"