गाठ काढण्याआधी रुग्णाशी काय बोलावं

पाठीवरची सिस्ट (कातडीखालची पिशवीसारखी गाठ) जागेपुरती भूल देऊन काढायची असली, की रुग्ण दोन समजुती घेऊन येतो: आपल्याला झोपवणार, आणि उपाशी यायचं. दोन्ही चूक. उपाशीपोटी घाबरलेल्या माणसाला टेबलावरच घाम फुटून चक्कर येते. म्हणून चहा-पोळी खाऊन या, असं आदल्या दिवशीच सांगा. झोपेचं औषधही देणार असाल, तर मात्र जेवण 6 तास आणि पाणी 2 तास आधी बंद.

"काही औषधं चालू आहेत का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येतं. बीपीची रोजची गोळी लोक औषधात धरतच नाहीत. घरातली सगळी पाकिटं आणायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका, हेही बजावा. स्टेंट बसवलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. दात काढताना भुलेच्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का, तेही विचारा.

"दुखणार नाही" हे वाक्य मात्र टाळाच. सुई टोचते, औषध काही सेकंद झोंबतं. मग स्पर्श, ओढ, दाब कळतो, वेदना नाही. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्या ओढीलाच रुग्णाला वाटतं भूल लागलीच नाही, आणि तो हलतो. "दुखलं तर हात न हलवता तोंडाने सांगा, औषध वाढवता येतं," असंही त्याला सांगून ठेवा.

व्रण लांबीला गाठीपेक्षा जास्त असतो, हेही सांगा. पिशवीचा तुकडा राहिला, तर गाठ परत येते. गाठ लाल होऊन ठणकत असेल, तर आधी फक्त पू काढतात, पिशवी नंतर. त्रास नसेल, तर न काढणं हाही पर्याय आहे, तोही बोलून दाखवा.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि सही टेबलावर चढण्याआधी. सज्ञान बाईची सही तिचीच. नवऱ्याची चालत नाही. तपासणीच्या संमतीत अवयव काढण्याची संमती येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. अंगठा घेणार असाल, तर मजकूर साक्षीदारासमोर मोठ्याने वाचा.

"समजलं ना?" विचारू नका, मान हलतेच. "घरच्यांना काय सांगाल?" असं विचारा, काय निसटलं ते लगेच कळतं.

पाठीचे टाके 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर हंडा-कळशी उचलायची नाही. रक्त आलं, तर स्वच्छ कापडाने 10 मिनिटं, मध्ये न उघडता, दाबून धरायचं. स्वतःच्या पाठीला हात पोचत नाही, म्हणून हे सोबत आलेल्यालाच समजावून सांगा.