कंटेनरच्या टपावर काम करताना पडणे कसे टाळावे

न्हावा शेवासारख्या बंदरात कंटेनरच्या टपावर माणूस चढवण्याआधी ते काम जमिनीवरून होईल का, हे पाहावे. अर्धस्वयंचलित ट्विस्टलॉक (कंटेनर एकमेकांना जखडणारी, आपोआप बसणारी कुलपे) धक्क्यावरच बसवले, तर बहुतेक वेळा वर जावेच लागत नाही.

जावेच लागले, तर कंटेनरच्या दारांना धरून चढू देऊ नये. क्रेनच्या स्प्रेडरला (कंटेनर पकडून उचलणाऱ्या चौकटीला) पक्का अडकवलेला, माणसांसाठीच बनवलेला पिंजरा वापरावा आणि पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा पिंजऱ्याच्या ठरलेल्या कडीलाच जोडावा.

येथे एक चूक वारंवार होते, ती म्हणजे सुरक्षापट्ट्याची दोरी लांब ठेवणे. साध्या कंटेनरची उंची सुमारे 2.59 मीटर असते, तर 1.8 मीटरची दोरी आणि तिचा धक्काशोषक (पडताना उलगडून झटका कमी करणारा भाग) माणसाला थांबवेपर्यंत तो जमिनीवर आदळलेला असतो. म्हणून एकाच कंटेनरवर काम असेल, तेव्हा दोरी इतकी आखूड ठेवावी की कामगार कडेपर्यंत पोहोचूच नये.

पावसाळ्यात ओला पत्रा अतिशय निसरडा होतो, त्यामुळे जोराचा वारा किंवा पाऊस असताना काम थांबवावे, मग जहाज कितीही खोळंबो. पट्ट्यात लोंबकळणाऱ्या माणसाला काही मिनिटांतच धोका निर्माण होतो. त्याला खाली कसे उतरवायचे, याची तालीम आधीच झालेली असावी.