ड्रोनवरून हवा मोजताय? निदान या चुका टाळा

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत शेवटच्या वर्षाची पोरं माझ्याकडे येतात. हातात हवेतले कण मोजणारा दीड-दोन हजारांचा लेझर सेन्सर, कुणाच्या तरी मामाचा लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन आणि विषय ठरलेला: नाशिकच्या वायुप्रदूषणाचं हवाई मापन. विषय उत्तमच आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या यादीत नाशिक आहे. शिवाय हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेची जमीन इतकी गार होते की थंड हवा खाली आणि उबदार हवा वर असा उलटा थर बसतो. त्याच्याखाली सातपूर-अंबडचा धूर, द्वारकेच्या चौकातलं डिझेल आणि निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला पेटवलेल्या शेकोट्या, सगळं अडकून राहतं. जमिनीवरच्या केंद्राला हा थर किती उंच आहे ते कळत नाही, ड्रोनला कळू शकतं.

कळू शकतं, पण बहुतेकांना कळत नाही. कारण आकडा स्क्रीनवर आला की पोरं त्याचा आलेख काढायला पळतात. यंत्राच्या तोंडात शिरली ती हवा नक्की कुठली होती, हे कुणी विचारत नाही. मी प्रत्येक रिपोर्ट हाच प्रश्न मनात ठेवून वाचतो आणि निम्मे रिपोर्ट तिथेच आडवे होतात.

सेन्सर ड्रोनच्या पोटाला बांधू नका

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पोटाखाली जागा असते, कॅमेऱ्याचा क्लॅम्प असतो, चार झिप टाय ओढल्या की काम झालं. पण ड्रोनचे पंखे वरची हवा ओढतात आणि जोरात खाली फेकतात. पोटाखाली बांधलेला सेन्सर म्हणजे त्या झोताच्या शेजारीच. ड्रोन साठ मीटरवर आहे असं तुम्ही लिहिता, पण नमुना वरच्या काही मीटरांतून ओढलेल्या आणि घुसळलेल्या हवेचा असतो. शिवाय या स्वस्त सेन्सरमध्ये नखाएवढा पंखा असतो. शेजारी झोत असताना तो किती हवा ओढतोय ते देव जाणे.

एका गटाने गिरणारेच्या बाजूला उड्डाण केलं होतं. टोमॅटोचं रान नुकतंच नांगरलेलं, त्याच्या मधोमध ड्रोन ठेवून उडवला. आलेख बघण्यासारखा होता: जमिनीपासून बारा मीटरपर्यंत पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ) आभाळाला, त्यावर एकदम सपाट रेषा, उतरताना पुन्हा तोच डोंगर. त्यांनी लाल पेनाने चौकट काढून लिहिलं होतं, 'कृषी प्रदूषणाचा थर'. निष्कर्षाचं पान टाइप करून तयार, गाईडची सहीसुद्धा झालेली. मी सेन्सर हातात घेतला आणि जाळी नखाने खरवडली, तर काळी माती टेबलावर पडली. ड्रोनच्या पायांनाही तीच माती. तो थर शेतीचा नव्हता, त्यांच्या स्वतःच्या पंख्यांनी उडवलेला होता.

जाळी साफ करून, ताडपत्री अंथरून त्याच जागी पुन्हा उडवायला लावलं. थर गायब. त्यावर एक जण म्हणाला, "सर, पण पहिला आलेख जास्त चांगला दिसतो." अशा वेळी काय बोलायचं, मला अजून सुचलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. सेन्सरचं तोंड पंख्यांच्या पातळीच्या वर, हलक्या कार्बन नळीवर. ते जमत नसेल तर पुढे, पंख्यांच्या घेराबाहेर. समतोल बिघडतो म्हणून मागे बॅटरी सरकवायची. उड्डाण ताडपत्रीवरून किंवा सिमेंटवरून. पहिल्या दहा-पंधरा मीटरांचा डेटा सरळ फेकून द्यायचा. फेकताना जीव तुटतो त्यांचा, तुटू दे. आणि चढतानाचाच डेटा वापरायचा, कारण उतरताना ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेत परत शिरतो.

चढायचं ते सावकाश. सेन्सर दहा सेकंदांची सरासरी देत असेल आणि तुम्ही सेकंदाला तीन मीटरने वर जात असाल, तर तेवढ्यात तीस मीटर निघून गेले. ऐंशी मीटरवरचा थर कागदावर त्याच्या बराच वर दिसणार. मी सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त जाऊ देत नाही. बॅटरी पुरत नाही ही तक्रार मला मान्य आहे, घाई मान्य नाही. दोन बॅटऱ्या आणा.

मोठ्या विमानांतही प्रश्न हाच असतो, फक्त रूप वेगळं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून केपेक्स मोहिमेत विमानातून ढग आणि एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे कण, मोजले. तिथे नळीचं तोंड विमानाच्या अंगाला चिकटून वाहणाऱ्या थराच्या बाहेर काढावं लागतं. नळीत शिरणाऱ्या हवेचा वेग बाहेरच्या वाऱ्याएवढा राखावा लागतो. आतला वेग कमी पडला, तर हवा तोंडाला वळसा घालून निघून जाते, पण जड कण वळत नाहीत, सरळ आत घुसतात आणि मोठे कण प्रमाणापेक्षा जास्त मोजले जातात. शंभर मीटर प्रतिसेकंद वेगाची हवा नळीत थांबली की नुसत्या थांबण्यानेच सुमारे पाच अंशांनी तापते, म्हणजे कणांवरचं पाणीही उडू लागतं. इतके सोपस्कार तिथे करतात आणि आपण झिप टाय लावून मोकळे!

धुक्याला धूर समजू नका

दुसरी लाडकी चूक, आणि हिच्यामुळे गावभर बोभाटा होतो. डिसेंबरातल्या एका पहाटे दोघांनी पंचवटीत गोदाकाठी सेन्सर लावला. पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) चारशेच्या घरात. स्क्रीनशॉट ग्रुपवर पडला, खाली ओळ: 'नाशिकने दिल्लीला मागे टाकलं'. दुपारपर्यंत तो मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. ऊन पडल्यावर तोच सेन्सर सत्तर दाखवत होता, पण तो स्क्रीनशॉट कुणी टाकला नाही.

मी त्यांच्याकडे आर्द्रतेचा रकाना मागितला. तर कोडमध्ये त्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा मारून ती बंद केलेली. का? "सर, तो आकडा लागत नव्हता." परत चालू करून पुढच्या धुक्याच्या सकाळी बघितलं, तर आर्द्रता ९७ टक्के.

होतं असं की हवेतले सल्फेट-नायट्रेटसारखे क्षार साधारण ७५-८० टक्के आर्द्रतेच्या पुढे पाणी पिऊन फुगतात. व्यास दुप्पट झाला तर आकारमान आठपट. लेझर सेन्सर कणाचं वजन करत नाही, त्याने विखुरलेला उजेड बघतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. त्याला पाणी आणि काजळी सारखीच. धुक्याचे थेंब आत शिरले तर ते स्वतंत्रच. प्रमाणित पद्धतीत फिल्टर ठरावीक आर्द्रतेत ठेवून मगच तोलतात आणि बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा तापवून कोरडी करतात, ती उगाच नव्हे.

म्हणून त्या पहाटे हवा शुद्ध होती असं कुणी समजू नये. धूर होताच. पण चारशेतला धूर किती आणि पाणी किती, हे त्या सेन्सरला सांगता येत नाही, एवढंच.

मी आर्द्रता ८० च्या वर गेली की ती ओळ पिवळी करतो आणि सरासरीत घेत नाही. आर्द्रतेचा सेन्सर हवा येते त्या तोंडाशी लावा, गरम होणाऱ्या बोर्डाला चिकटवून नको, तिथे तो नेहमी कोरडंच दाखवतो. नळीला हीटर लावणारे हुशारही भेटतात. लावा, पण बेताने, कारण जास्त तापवलं की अमोनियम नायट्रेट उडून जातं आणि आकडा उलट्या बाजूने चुकतो.

बाकीच्या, थोडक्यात

घड्याळ. जीपीएस वेळ देतं ती जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका रिपोर्टात मुंबई नाक्यावर पहाटे साडेतीनला प्रदूषणाचं शिखर होतं आणि त्यावर दीड पान मजकूर, की रात्री कांद्याचे ट्रक आग्रा हायवेने जातात म्हणून. ते सकाळचे नऊ होते, ऑफिसची गर्दी.

पीएमएस ५००३ सारखे सेन्सर पीएम २.५ चे दोन आकडे देतात, एक 'सीएफ-१' आणि एक 'वातावरणीय'. हवा स्वच्छ असताना दोन्ही सारखे असतात, प्रदूषण वाढलं की सीएफ-१ चा आकडा बराच पुढे जातो. कुठला घेतला ते लिहा. अर्ध्या आलेखात एक आणि अर्ध्यात दुसरा असं तर मुळीच करू नका.

या सेन्सरच्या पीएम १० वर भरवसा ठेवू नका. मोठी धूळ त्यांना नीट दिसत नाही, आकडा बराचसा अंदाजाने काढलेला असतो. रस्ता खोदलाय, नाकातोंडात माती जातेय आणि सेन्सर निवांत, हे मी नेहमी बघतो. ताज्या डिझेलच्या काजळीचंही तसंच: ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण लेझरच्या नजरेतून निसटतात.

एका मिनिटाचा आकडा घेऊन त्याला एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) म्हणू नका. पीएमसाठी तो २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि किमान १६ तासांचा डेटा लागतो. देशाचं पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५. दहा मिनिटांच्या उड्डाणाची तुलना यातल्या कशाशीच होत नाही.

साधी प्लॅस्टिकची लांब नळी नको, स्थिर विजेने कण भिंतीला चिकटतात. विद्युतवाहक सिलिकॉनची, आखूड, कमी वळणांची घ्या.

पंपाने फिल्टरवर नमुना घेत असाल तर लिटर कुठले ते बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब सात टक्क्यांच्या आसपास कमी. समुद्रसपाटीच्या हिशेबातले लिटर आणि इथले लिटर एक नव्हेत.

उडवण्याआधी तोंडाला हेपा फिल्टर (जवळजवळ सगळे कण अडवणारा) लावून आकडा शून्यावर येतो का ते बघा. शून्याजवळ येत नसेल तर घरी जा. आणि जमिनीवर निदान आठवडाभर तरी सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी चालवा. गंगापूर रोडला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं स्वयंचलित केंद्र आहे. आवारात परवानगी मिळत नसेल तर जवळच्या एखाद्या गच्चीवर ठेवा आणि तासाच्या सरासऱ्या जुळवून बघा. हे सांगितलं की निम्मी पोरं परत येत नाहीत, कारण सबमिशन सोमवारी असतं.

परवानगी उड्डाणाच्या आदल्या रात्री शोधायची वस्तू नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पण देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगर आणि ओझरचे विमानतळ, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना एवढं सगळं ज्या शहरात आहे तिथे हिरवं क्षेत्र गृहीत धरू नका. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि जागा त्यावरून ठरवा, विषयावरून नाही.

शेवटचं, सिनियरने वारसा म्हणून दिलेला सेन्सर. एसडीएस ०११ च्या लेझरचं आयुष्य कागदावर ८,००० तास आहे, सतत चालवला तर अकरा महिने. गेल्या वर्षीचा सेन्सर वर्षभर कुणाच्या तरी गॅलरीत चालू होता का, ते आधी विचारा. होता असेल तर नवा घ्या.