७,२०,७२० हाताने कसा फोडायचा आणि त्यातून काय काय निघतं

मोठा आकडा देऊन त्याचे गुणधर्म काढा म्हटलं की बरेच जण लगेच २ ने भाग, ३ ने भाग सुरू करतात. तसं नका करू, आधी आकड्याकडे नीट बघा. ७२०७२० मध्ये ७२० लागोपाठ दोनदा आलाय ना, म्हणजे हा झाला ७२० × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३ हे पाठच करून टाका, कुठलाही तीन अंकी आकडा दोनदा लिहिलेला दिसला की दर वेळी हेच कामाला येतं. ७२० तर काय, १६ × ९ × ५. झालं:

२⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३

आता बाकीचं सगळं या एका ओळीतूनच काढायचं, मूळ आकड्याला परत हात लावायचा नाही.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा, ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. १ कशाला मिळवायचा, तर २ चा घात ० पासून ४ पर्यंत कुठलाही घेता येतो, म्हणजे पर्याय पाच, चार नाही (शून्य विसरला की उत्तर भलतंच येतं). आणि २४० म्हणजे खूपच आहेत बरं का, याच्यापेक्षा लहान एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. रामानुजननी १९१५ मध्ये अशाच संख्यांवर मोठा पेपर लिहिला होता.

विभाजकांची बेरीज हवी असेल तर २४० आकडे लिहीत बसू नका. १+२+४+८+१६ = ३१, १+३+९ = १३, मग ६, ८, १२, १४, सगळ्यांचा गुणाकार ३२,४९,७९२. त्यातून संख्या स्वतः वजा केली तरी २५,२९,०७२ उरतात, म्हणजे तिच्या तिपटीहून जास्त!

पूर्ण वर्ग आहे का? नाही, ५, ७, ११, १३ एकेकटेच आहेत. ५००५ ने गुणलं की जोड्या लागतात आणि ६०,०६० चा वर्ग मिळतो.

१ ते १६ चा लसावि पण हाच. १७ ने मात्र भाग जात नाही, बाकी ५.

आता समजा ते ७२०-७२० लक्षातच आलं नाही, तर? मला तर ही दुसरी वाट जास्त आवडते. वर्गमूळ ८४८ आणि ८४९ च्या मधे येतं, म्हणून ८४९ चा वर्ग घ्या, ७,२०,८०१, त्यातून आपली संख्या वजा करा, उरले ८१, म्हणजे ९ चा वर्ग. मग (८४९ − ९) × (८४९ + ९), म्हणजे ८४० × ८५८, आणि हे दोन्ही तोंडी फुटतात. फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती आहे ही. फरक वर्ग आला नाही तर एकेक वाढवत जायचं, पण दोन अवयव एकमेकांपासून लांब असले की यात जीव जातो, तेव्हा सरळ लहान मूळ संख्यांनी भागत सुटा, वर्गमुळाच्या पुढे जायची गरज नसते.